परदेशातली रेल्वे: पास घेतला की सुटी तिकिटं? तुमचा अनुभव सांगा

छत्रपती संभाजीनगर
मे महिन्यात आई-बाबांना घेऊन व्हिएन्ना, झ्युरिक, पॅरिस करायचंय. आजवरचा आमचा प्रवास म्हणजे देवगिरी नि तपोवन एक्स्प्रेस. युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेला चालणारा एकच पास, घ्यावा की गाडीगणिक तिकीट काढावं, हे ठरवायला रोज रात्री वही घेऊन बसतो. जाऊन आलेल्यांनी लिहा, काय घडलं ते सांगा.

परभणी
आम्ही दोघं, लेकरं 7 नि 10 वर्षांची. 12 च्या आतल्या मुलांना युरेल पास मोफत असतो, एका मोठ्यामागे दोघांना. पण तो आपण होऊन मागावा लागतो, विसरू नका. महिन्यातले कुठलेही 7 दिवस चालणारा पास घेतला होता. म्युनिकहून साल्झबर्गला निघायच्या सकाळीच धाकटीचं अंग तापलं. ठरलेली गाडी सोडून दिली. खोलीवर छोट्या कुकरमध्ये मऊ भात लावला, मेतकूट कालवून भरवला, तीन वाजता ताप उतरल्यावर निघालो. ॲपमध्ये गाडी बदलली, झालं. त्या मार्गावर आरक्षण सक्तीचं नाही. स्वस्तातलं तिकीट त्याच एका गाडीला बांधलेलं असतं, ते बुडालंच असतं.

लातूर
माझं उलटं झालं. पॅरिस, मिलान, रोम. पास हातात असूनही फ्रान्सच्या टीजीव्ही नि इटलीच्या फ्रेच्यारोसा या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे. टीजीव्हीत पासवाल्यांना ठरावीकच जागा, आमच्या वेळेच्या गाडीत त्या संपलेल्या. हॉटेलं भरून ठेवली होती, तारखा हलणार नव्हत्या, मग पास कशाला घेतला? दोन महिने आधी सुटी तिकिटं काढायला हवी होती, अजून हळहळ वाटते.

नांदेड
जपानला जाणाऱ्यांनी जुने हिशेब बाजूला ठेवा. 7 दिवसांचा साधा जेआर पास (तिकडच्या रेल्वेचा पास) 29,650 येन होता, ऑक्टोबर 2023 मध्ये 50,000 झाला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन साधारण 28,000. तेवढंच फिरणार असाल तर तिकीटच काढा.

बीड
आईचे गुडघे दुखतात, म्हणून सांगते. स्विस ट्रॅव्हल पासात रेल्वे, बस, बोट, शहरातली ट्रॅम सगळं येतं. ल्युसर्नला तिला बाकावर बसवून मशीनपुढे तिकिटासाठी उभं राहावं लागलं नाही, एकमेकींचा हात धरून थेट बोटीत चढलो. युंगफ्राउयोखला, म्हणजे वर बर्फातल्या स्टेशनला जाताना मात्र ग्रिंडेलवाल्ड गावाच्या वर पास चालत नाही, पुढच्या तिकिटावर 25 टक्के सवलत मिळते.

छत्रपती संभाजीनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्या लांबच्या गाड्या दोनच, व्हिएन्ना-झ्युरिक नि झ्युरिक-पॅरिस. दुसरीला पास असला तरी आरक्षण लागतंच. त्या दोन्हींची तिकिटं आत्ताच काढतो, मधले चार दिवस स्विस पास. बाबाही साठीच्या पुढचे, ट्रॅमचं ऐकून त्यांचा चेहरा खुलला. पहिला प्रवास जवळपास आठ तासांचा म्हटल्यावर आईनं दशम्या नि शेंगदाण्याची चटणी यादीत लिहून टाकली.