बारा अपॉस्टल्सची सहल: बस कोलॅकवरून की किनाऱ्याने?

नंदिनी:
मंडळी, मेलबर्नहून बारा अपॉस्टल्सला, म्हणजे समुद्रातल्या त्या खडकांच्या सुळक्यांना, कुठल्या रस्त्याने जायचं ते बसवाल्याला उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. किनाऱ्याच्या रस्त्यावर लॉर्नच्या पुढच्या वळणांनी मागच्या वेळी गाडी लागून काय झालं ते आठवतंय ना, आणि यंदा भारतातून आलेले आईबाबा बरेच आहेत. मी म्हणते जिलाँग, कोलॅक करत आतल्या रस्त्याने जाऊ नि तसंच परत येऊ. हो की नाही एवढंच कळवा.

सुहास:
नाही. अगं, मग किनाऱ्याचा ग्रेट ओशन रोड बघायचा कधी? पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ कुदळ-फावडी घेऊन कडे फोडले, युद्धात गेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून, तो रस्ता टाळून नुसते खडक बघायचे हे मला अजिबात पटत नाही. शिवाय जाताना समुद्र डावीकडे नि आपली बसही डाव्या लेनमध्ये, खिडकीतून थेट पाणी दिसतं. मंडळाची बस कायम अशीच गेलीये, येताना कोलॅक.

वैशाली:
काका, पण किनाऱ्याने गेलो तर पोचेपर्यंत दुपार. सुळके बघायच्या मुख्य डेकवरून बहुतेक सुळके पश्चिमेला, सूर्य तिकडे कलला की सगळे काळे दिसतात. सकाळच्या उन्हात ती चुनखडी काय पिवळीधम्मक दिसते! आणि सासूबाई विचारतायत, बारा आहेत का खरंच?

प्रसाद:
वैशाली, बारा कधीच नव्हते, नऊ होते. ३ जुलै २००५ ला त्यातला एक, चांगला ५० मीटरचा, बघता बघता ढासळला, आता आठ. लाटा पायथा पोखरत राहतात, वरचा भार सुटला की संपलं. जवळच्या लंडन ब्रिज नावाच्या खडकाची एक कमान जानेवारी १९९० मध्ये पडली तेव्हा दोघं पलीकडे अडकले होते, हेलिकॉप्टरने आणावं लागलं. म्हणून पोरांना कुंपणापलीकडे अजिबात सोडू नका, फोटोसाठीसुद्धा.

शुभदा:
पोरांकडे लक्ष ठेवायला चार जण आत्ताच नावं द्या. खाली किनाऱ्यावर उतरायच्या गिब्सन स्टेप्सला ८६ पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी वर डेकवरच थांबावं, तिथली वाट सोपी आहे. आणि खाण्याचं मीच बघतेय, कोणी परस्पर वडे आणू नका, वळणांच्या रस्त्यावर तळलेलं पोटात नको. इडल्या करतेय.

नंदिनी:
वैशालीचा उन्हाचा मुद्दा पटला. सहाला निघू, कोलॅकने, म्हणजे दहापर्यंत डेकवर. जेवण झालं की लगेच निघून लॅव्हर्स हिल, अपोलो बे, लॉर्न करत किनाऱ्याने परत, कांगारू संध्याकाळी रस्त्यावर येतात त्याआधी हायवेला लागायचं. सुहासकाका, ज्यांना वळणं सोसत नाहीत त्यांना तुमच्या गाडीतून कोलॅकने परत आणाल का?

सुहास:
आणतो, चौघांना जागा आहे, माझ्या शेजारी ज्याला जास्त त्रास होतो तो. बस मात्र ईस्टर्न व्ह्यूला ग्रेट ओशन रोडच्या कमानीपाशी थांबवाच, तिथे त्या सैनिकांचा पुतळा आहे, मुलांना खाली उतरवून दाखवा.