शनी मीनेत आला म्हणजे मेषवाल्यांचं काही खरं नाही?
काही जण म्हणतात की शनी मीनेत गेला, आता मेषवाले संपले, अहो एवढं सरसकट कसं चालेल? २९ मार्च २०२५ ला मेषेची साडेसाती सुरू झाली, मकरेची सुटली, इतपत ठीक, पण ती चंद्रराशीवरून, म्हणजे जन्मावेळी चंद्र ज्या राशीत होता तिच्यावरून बघायची, पेपरातल्या जन्मतारखेच्या राशीवरून नाही, निम्मे लोक तिथेच घाबरून बसतात. आणि गोचर (ग्रहांचं आत्ताचं राशीभ्रमण) एकट्याने फळ देत नाही, दशा, म्हणजे कुंडलीप्रमाणे कुठल्या ग्रहाचा काळ चालूय ते आधी बघा, मग अष्टकवर्गात (कुंडलीत प्रत्येक राशीत ग्रहाला गुण देण्याची पद्धत) मीनेत शनीला बिंदू, म्हणजे गुण, किती ते, चार किंवा जास्त असतील तर त्रास बराच सौम्य धरतात. शिवाय मीन गुरूची रास, तिथला शनी मला तरी एवढा खडूस वाटत नाही, मेषेत नीचेचा, म्हणजे सगळ्यात दुबळा, होईल तेव्हा बोलू.