बैठकीला पिवळसर पांढरा की राखाडी पांढरा?

दारव्हेकर:
बैठक १० बाय १२ ची, उंची १० फूट. खिडकी उत्तरेला, तिच्यापुढे टिनाची छपरी. खाली कोटा फरशी. दुकानातल्या रंगाच्या कार्डावर दोन पांढऱ्या शेड पसंत पडल्या, एकीला पिवळी झाक, दुसरीला राखाडी. दोन्ही मले तर सारख्याच दिसतात. कोणती घ्यावी, अन् किती लिटर?

रंगकाम_वर्धा:
भाऊ, पिवळी झाकच घ्या. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, त्यात छपरीची सावली. अशा उजेडात राखाडी निळी पडते. वर ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची ट्यूब असली की रात्री विचारूच नका.

दोन्ही कार्डं कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा, झाक लगेच उघडी पडते. तरी तेवढ्यावर ठरवू नका. नमुन्याच्या लहान डब्या आणून दोन फुटी पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा. इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून ओलं असताना मत बनवू नका. पुठ्ठे भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूबखाली पाहा. फरशीजवळही धरा, कोट्याची हिरवट छटा खालच्या भागावर चढते. जुनी भिंत निळी असेल तर तिच्यावर मात्र नमुना मारू नका, निळ्याशेजारी पिवळसर रंग आहे त्याहून पिवळा भासतो.

भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता ४००. दोन हातांना लिटरमागे १०० ते १२० धरा, म्हणजे ४ लिटरचा डबा.

काळी_माती:
मी राखाडीच्या बाजूने. घरात कापूस भरत असाल तर धूळ अन् हाताचे डाग पिवळसरवर आधी दिसतात. निळेपणाची भीती असेल तर ट्यूब ४००० केल्विनची, म्हणजे जरा पिवळसर उजेडाची लावा, भिंत रंगवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. कोणतीही घ्या, धुता येणारं इमल्शन घ्या, डिस्टेंपर नको. आणि एकाच शेडचे दोन डबे झाले तर बादलीत एकत्र करूनच मारा. मशीनवर बनवलेल्या शेडमध्येही उन्नीस-बीस होतं.

दारव्हेकर:
भिंतीवर जुना चुना आहे. त्यावरच चालेल का?

रंगकाम_वर्धा:
तळहात घासून पाहा. पांढरा झाला तर सगळा चुना पत्रीने खरवडा, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटेल. मग पुट्टीचे दोन हात, वाळल्यावर पॉलिश पेपर, धूळ पुसून प्रायमर. खाली खार फुटत असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधा, कारण ओल्या भिंतीवर दोन्ही शेड सारख्याच फुगतात.