फिल्टरमध्ये नक्की काय भरू? (२ फुटी टाकी, गोल्डफिश, सोलापूर)

नवखी_मासेवाली:
नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात राहते. पोराच्या हट्टापायी दिवाळीत २ बाय १ बाय १ फुटाची टाकी आणली, ४ गोल्डफिश सोडले, त्यातले २ उरलेत. टाकीत आत बुडवायचा छोटा पॉवर फिल्टर आहे, त्याच्या डबीत एक चपटा निळा स्पंज आणि चिमूटभर काळा कोळसा, बास. दुकानदार म्हणतो तुमचा मीडियाच (म्हणजे डबीत भरायचा माल) बेकार आहे म्हणून मासे जातात, इंपोर्टेड घ्या, एकदा घेतला की आयुष्यभर बघायला नको. त्या डब्याची किंमत टाकीपेक्षा जास्त! नेटवर बघायला गेले तर सिरॅमिक रिंग, बायोबॉल, झिओलाइट, लाव्हा रॉक, कोरल, कापूस, डोकं गरगरायला लागलं. मला फक्त एवढं सांगा की या एवढ्याशा डबीत काय कोंबू. बजेट ५००.

हिरवी_टाकी:
मी सिंटर्ड ग्लासवाला मीडिया वापरतो, ४ फुटी प्लँटेड टाकी आहे, कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा मोठा बंद फिल्टर) लावलाय. पैसे जातात पण आत बारीक बारीक छिद्रं असतात, बॅक्टेरियाला जागाच जागा. स्वस्तातलं आणून नंतर रडण्यापेक्षा एकदाच घ्या.

भीमाकाठ:
ताई, ५०० मध्ये होऊन पैसे उरतील, उरलेल्याची शेंगा चटणी आणा. पण आधी चार गोष्टी सांगा. पाणी नळाचं का बोअरचं? बदलता किती आणि किती दिवसांनी? फिल्टर कशात धुता आणि कधी धुता? आणि मासे मेले ते एकदम का एकेक करून?

हिरवी_टाकी, तुमच्या कॅनिस्टरला तो मीडिया ठीक आहे कारण घाण आधीच्या स्पंजात अडकते आणि ग्लासपर्यंत स्वच्छ पाणी जातं. ताईंच्या डबीत गोल्डफिशची घाण थेट येणार, महिन्याभरात ती बारीक छिद्रं बुजणार, मग तो महागाचा मीडिया आणि पाटा-वरवंट्याचा तुकडा सारखाच.

टॉवेलवाला:
माझा किस्सा ऐका आणि हे करू नका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, कटिंगच्या चिंध्या पोत्यानं पडलेल्या असतात. म्हटलं फिल्टरला कापूसच तर लागतो, हा पण कापूसच की, मस्त टेरीचा लुसलुशीत तुकडा कापला आणि भरला. सकाळी उठून बघतो तर टाकी गुलाबी, रुह अफजा ओतल्यासारखी, आत मासे पोहलालेत. बायको म्हणाली काय करलालास बे तू. रंग धरलेला नव्हता त्या कापडाचा. पाणी बदललं, पांढरा तुकडा घातला, तर तो आठ-दहा दिवसांत बुळबुळीत झाला आणि वास मारायला लागला. खरा सुती कापूस पाण्यात कुजतो हे मला तेव्हा कळलं. दुकानात फिल्टरचा कापूस म्हणून मिळतो तो पॉलिस्टर असतो, कुजत नाही, उशीत भरतात ना तसला.

काळा_दगड:
टॉवेलवाले 😂😂

लाव्हा रॉक लिहिलंय म्हणून सांगतो, आपल्याकडं सगळाच लाव्हा रॉक आहे, आपल्या बाजूचं दख्खनचं पठार त्यावरच बसलंय, म्हणून काही जण क्रशरची खडी धुऊन भरतात. पण खडी म्हणजे घट्ट बेसाल्ट, आत छिद्रं नाहीत, नुसतं वजन. भोकाभोकाचा हलका दगड सापडला तर तो चालतो. झिओलाइटचे स्फटिक पण आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडतात, लोक शोकेसमध्ये ठेवतात, ते फिल्टरला वापरायचे नसतात हे आपलं जाता जाता.

नवखी_मासेवाली:
@भीमाकाठ उत्तरं देते. पाणी नळाचं. बदलते अर्धी टाकी, चार-पाच दिवसांनी, म्हणजे ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी. आमच्याकडे पाणी आलं की हंडे, बॅरल, टाकी भरून घ्यायचं, धुणं, फरशी, सगळं त्याच दिवशी, तेव्हाच हातासरशी फिल्टर पण उघडून नळाखाली स्पंज अगदी पांढरं पाणी येईपर्यंत पिळून काढते. कोळसा दुकानदारानं सांगितलं म्हणून दर वेळी नवा. स्वच्छतेत मी कमी पडत नाही हो, सासूबाई म्हणतात माशांची एवढी सेवा, आमची पण कर जरा. मासे एकेक करून गेले. आधी पाण्याच्या वर तोंड काढून भकाभका करायचे, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जायचे.

भीमाकाठ:
सापडलं. ताई, मीडिया बेकार नाही, तुम्ही तो दर पाण्याच्या दिवशी मारताय.

मासे कल्ल्यांतून आणि घाणीतून अमोनिया सोडतात, तो विषारी. स्पंजावर, रिंगांवर, काचेवर बॅक्टेरियाचा पातळ चिकट थर बसतो, त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी, पाणी बदललं की जातं. हा थर नीट बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. मीडिया मीडिया म्हणतात ते फक्त या बॅक्टेरियाचं घर, घर महागाचं असलं काय आणि पत्र्याचं असलं काय, भाडेकरू जगला पाहिजे. आता बघा, पाणी चार-पाच दिवसांनी येतं, नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोच, तुम्हाला पण येत असेल. त्या ताज्या पाण्याखाली स्पंज पांढरं पाणी येईपर्यंत पिळला म्हणजे थर गेला, उरलेला क्लोरीननं मेला. त्याच दिवशी अर्धं पाणी पण तेच ताजं ओतलं, त्यानं माशांचे कल्ले भाजले. मग दोन दिवसांत अमोनिया चढतो आणि मासा वर येऊन भकाभका करतो. दर पाण्याच्या दिवशी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

आपल्या पाण्यात अजून एक भानगड. क्षार जास्त, पीएच ८ च्या आसपास सहज जातो. पीएच ७ चा ८ झाला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी गरम असलं की अजून वाढतो. मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला टाकीचं पाणी ३२-३३ ला जातं, वर त्यात ऑक्सिजन पण कमी मावतो. म्हणून पुण्या-मुंबईचा माणूस म्हणतो माझं असंच चालतं, तर त्याचं चालतं, आपलं चालत नाही.

आता डबीत काय. खाली, म्हणजे पाणी जिथून आत येतं तिथं, जाड भोकाचा स्पंज. उजेडाकडे धरल्यावर भोकं नुसत्या डोळ्यांनी मोजता आली पाहिजेत, तुमचा तो निळा बारीक असेल तर दोन दिवसांत तुंबतो. त्यावर मूठभर साध्या सिरॅमिक रिंग, देशी, सुट्या किलोवर मिळतात त्या. जागा उरली तर वर पॉलिस्टर कापसाचा पातळ थर, तो मात्र मळला की खुशाल फेका. संपलं. बायोबॉल नको, ते वरून पाणी ठिबकणाऱ्या मोठ्या फिल्टरसाठी असतात, डबीत नुसती जागा खातात. कोरल तर अजिबात नको, त्यानं क्षार आणि पीएच वाढतो, आपल्याकडं दोन्ही आधीच भरपूर. भांडी घासायचा स्पंज नको, त्यात कधी कधी जंतुनाशक असतं.

हिरवी_टाकी:
हे पटलं, मी कॅनिस्टरच्या हिशेबानं बोललो होतो. पण तुमच्या यादीत कोळसा का नाही? माझ्याकडं लाकडामुळं पाणी पिवळं होतं, कोळशानं एका दिवसात काचेसारखं.

भीमाकाठ:
कोळसा वाईट नाही, कायमचा लागत नाही एवढंच. पिवळेपणा, वास, किंवा औषधाचा कोर्स संपल्यावर पाण्यातलं औषध काढायला उत्तम. दोन-चार आठवड्यांत त्याची ताकद संपते. आणि औषध चालू असताना काढून ठेवायचा, नाहीतर औषध माशाला कमी आणि कोळशाला जास्त.

काळा_दगड:
आणि झिओलाइट घालायचा विचार असेल तर खडे मीठ टाकताना सांभाळून. झिओलाइट अमोनिया धरून ठेवतो पण खारट पाण्यात तो सोडून देतो, मिठाच्या पाण्यात बुडवूनच रिचार्ज करतात त्याला. आपल्याकडं मासा जरा सुस्त दिसला की मूठभर खडे मीठ टाकायची सवय, म्हणजे धरलेलं सगळं विष एकदम टाकीत परत. माझे ३ मॉली मासे असेच गेलेत, आणि मी आठवडाभर दुकानदाराला शिव्या देत होतो.

नवखी_मासेवाली:
अरे देवा. म्हणजे मीच. दोन्ही मासे पाण्याच्या दिवसानंतरच गेलेत, आत्ता कॅलेंडर बघितलं, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी मी पाणी आल्याची खूण करते. मग आता धुवायचा कसा आणि कधी?

भीमाकाठ:
टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घ्या, त्यातच स्पंज दोन-तीनदा दाबा, काळं पाणी निघेल, स्पंज मळकटच दिसला पाहिजे, तसाच परत घाला. रिंगांना हात लावू नका, फार गाळ बसला तरच त्याच बादलीत हलवा. स्पंज आणि रिंग एकाच दिवशी कधीच नाही. फिल्टरची धार कमी झाली की धुवायचा, पाणी आलं म्हणून नाही. ती काळी बादली मोगऱ्याला ओता.

नवीन पाणी बॅरलमध्ये एक दिवस उघडं ठेवा, रात्री त्यात बबलर (हवेचे बुडबुडे सोडणारा पंप) सोडा, क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटी क्लोरीनचे थेंब. आणि अर्धी टाकी नको, पाव बास.

विजापूररोड_ऑस्कर:
ताई, माझ्याकडं दोन वर्षं चाललेला स्पंज आहे, अर्धा कापून देतो, सात रस्त्याला भेटू. टाकीच्या पाण्यात बुडवून डब्यातून देतो, वाळू देऊ नका, तासाभरात फिल्टरमध्ये घाला. त्यावर बॅक्टेरिया आधीच बसलेत, सहा आठवडे थांबायला नको. माझ्या टाकीत सध्या कुठला रोग नाही, पण विचारून घ्यायची सवय लावा, दुसऱ्याच्या स्पंजाबरोबर पांढऱ्या ठिपक्याचा रोग पण येऊ शकतो.

अजून एक, उन्हाळ्यात लाइट गेली की फिल्टर बंद, मीडियाला ऑक्सिजन नाही, चार-सहा तासांत आत सडायला लागतं. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा. लाइट आल्यावर फिल्टर लगेच सुरू करू नका, आधी डबी टाकीबाहेर काढून आतलं पाणी ओतून द्या.

टॉवेलवाला:
आणि दोनच मासे ठेवा ओ आता. त्या टाकीत ५० लिटर पण पाणी नसेल, गोल्डफिश म्हणजे खाणार आणि हगणार, दुसरं काम नाही त्याला.

नवखी_मासेवाली (५ आठवड्यांनी):
अपडेट देते. विजापूर रोडच्या दादांनी स्पंज दिला, वर डबा पण परत घेतला नाही. जाड स्पंज आणि पाव किलो रिंग मिळून २१० रुपये झाले. अमोनिया तपासायचं थेंबांचं टेस्ट किट मात्र वेगळं घ्यावं लागलं, ते ५०० च्या बाहेर गेलं, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. पहिल्या दिवशी नळीतलं पाणी पांढऱ्या कागदावर धरलं तर चक्क हिरवं, पोरगा म्हणाला आई पोपट. दहा-बारा दिवसांनी पिवळट, आता तीन आठवडे झाले पिवळंजर्द, म्हणजे अमोनिया शून्य. दोन्ही मासे ठणठणीत, वर येऊन भकाभका बंद, आता तळाशी खडे उकरत बसतात. स्पंज तसाच मळका ठेवताना हात शिवशिवतात अजून, पण ठेवते.

काल पाणी आलं. सासूबाईंनी सगळं घर धुऊन काढलं आणि मी देवपूजेला बसलेली बघून फिल्टरची डबी पण उघडून मोरीत नेली होती. नळ सोडायच्या आत पोरानं हातातून हिसकावली. आता डबीवर चिकटपट्टी लावून लिहिलंय, आजी हात लावू नको.

टॉवेलवाला:
आजीला टॉवेल पाहिजे असेल तर सांगा, रंग धरलेला देतो.