एक लाखात गेमिंग पीसी: दुकानदाराचं कोटेशन तपासून हवंय

तापीकाठचा

नमस्कार मंडळी. जळगावात राहतो. गेमिंगसाठी पीसी जुळवायचा आहे, बजेट एक लाख. मॉनिटर (२४ इंची, १०८०पी, १६५ हर्ट्झ), कीबोर्ड, माउस आहेत, म्हणजे सगळे पैसे आतल्या मालावरच घालायचे. दुकानदाराने ९६ हजारांचं कोटेशन दिलंय:

प्रोसेसर: कोअर आय७ १२७००एफ
मदरबोर्ड: एच६१०, डीडीआर४
रॅम: १६ जीबी, ३२००, एकच स्टिक
ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ३०५०, ६ जीबी
स्टोरेज: ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) + १ टीबी हार्ड डिस्क
कूलर: २४० एमएमचा लिक्विड
एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा): ६५० वॅट (कंपनी लिहिलेली नाही)
कॅबिनेट: समोर काच, सहा आरजीबी पंखे

खेळायचं ते सायबरपंक, फोर्झा होरायझन ५ आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट. चार-पाच वर्षं टिकावा अशी अपेक्षा. काय बदलू? जोडणी स्वतःच करणार आहे, तेव्हा त्याबद्दलही सांगा.

---

बारा_व्होल्ट

हे कोटेशन खोक्यावरची नावं वाचणाऱ्यासाठी बनवलंय. आय७, लिक्विड कूलर, सहा पंखे, ६५० वॅट. आणि गेम ज्याच्यावर चालतो ते कार्ड मात्र यादीतलं सगळ्यात लंगडं.

३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत. जुनं ८ जीबीचं, त्यात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस (मेमरीकडे जायचा रस्ता). तुम्हाला दिलेलं ६ जीबीचं. त्यात २३०४ कोअर, ९६ बिटची बस आणि ७० वॅटची मर्यादा. फरक फक्त २ जीबीचा आहे असं समजू नका. याच्यासोबत आय७ लावा नाहीतर आय५ लावा, सायबरपंकमध्ये फ्रेम्स तेवढ्याच येतील, कारण कार्ड आधीच ९८-९९ टक्क्यांवर अडकलेलं असेल.

शिवाय १२७००एफ पूर्ण जोरात १८० वॅटपर्यंत जातो. स्वस्तातल्या एच६१० बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर बहुधा हीटसिंकच नसतो. तो भाग तापला की बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली ओढतो. म्हणजे आय७चे पैसे द्यायचे, वर लिक्विड कूलर लावायचा आणि बोर्डामुळे दोन्ही वाया घालवायचे.

हिशोब कार्डापासून सुरू करा. लाखातला सगळ्यात मोठा वाटा तिकडे जाऊ द्या. १०८०पीला चार-पाच वर्षं काढायची तर १६ जीबी मेमरीचं कार्ड बघा: आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी किंवा आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी. दोन्ही ८ जीबीतही मिळतात आणि खोकी जवळपास सारखीच दिसतात, बिलावर आकडा लिहून घ्या. ८ जीबी भरली की सरासरी फ्रेम्स ठीक दिसतात, पण मध्येच झटके बसतात आणि भिंती, रस्ते यांची चित्रं धुरकट येतात. ग्राफिक्स सेटिंग कमी करणं एवढाच मग उपाय.

प्रोसेसर रायझन ५ ७६००. सहा कोअर, ६५ वॅट, खोक्यात कूलर येतो आणि आत कामचलाऊ ग्राफिक्सही आहे. कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं तरी स्क्रीन चालू राहते. ७५००एफ थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ही सोय नाही आणि तो बऱ्याचदा मूळ खोक्याशिवाय ट्रेमधला विकतात. वॉरंटी कंपनीची की दुकानदाराची ते आधी विचारा.

बोर्ड बी६५०एम, हीटसिंक असलेला, रॅमचे चार स्लॉट आणि मागे बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचं फ्लॅशबॅकचं बटण असलेला. पुढे याच बोर्डावर नवा रायझन बसवायचा तर जुन्या बायॉसला तो ओळखता येत नाही. तेव्हा हे बटण कामी येतं.

स्टोरेजमध्ये हार्ड डिस्क काढून टाका. १ टीबीचा चौथ्या पिढीचा एकच एनव्हीएमई घ्या, टीएलसी प्रकारचा (मेमरीच्या एका पेशीत तीन बिट), उदा. डब्ल्यूडी एसएन७७०. क्यूएलसीवाले (पेशीत चार बिट; क्रूशल पी३ प्लस वगैरे) वाचताना चांगले चालतात, पण १०० जीबीचा गेम उतरवताना कॅश (आतली वेगवान तात्पुरती जागा) संपली की लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कइतका खाली येतो.

आता एसएमपीएस. खोक्यावर ६५० लिहिलेलं वाचू नका, अंगावरचं लेबल वाचा. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अँपियर दिलेले असतात. खऱ्या ६५० वॅटमध्ये तिथे ५४ च्या आसपास आकडा हवा, कारण १२ × ५४ = ६४८. बिननावाच्या मालावर कित्येकदा १८-२० सापडतात. म्हणजे हातात फक्त २४० वॅट, आणि कार्ड व प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टवरच जगतात. ८० प्लस ब्राँझ, गोल्ड ही विजेची बचत किती त्याची पदवी आहे. आतला माल चांगला असल्याची हमी नव्हे. कॉर्सेअर सीएक्स६५०, एमएसआय ए६५०बीएन, डीपकूल पीके६५०डी यांपैकी जो मिळेल तो चालेल.

---

जुनं_ते_चालतं

बाकी सगळं पटलं, पण ७६००ला लागणाऱ्या डीडीआर५ रॅमचे भाव बघितलेत का? २०२५च्या शेवटच्या तिमाहीपासून एआय सर्व्हरच्या मागणीने रॅम भडकली आहे. बजेटला तिथेच भोक पडतं. माझं मत एएम४कडे (एएमडीचं जुनं, डीडीआर४वालं सॉकेट): रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, डीडीआर४ ८ जीबीच्या दोन स्टिक. डीडीआर४ही चढलीय, पण बोर्ड आणि प्रोसेसरमध्ये बरेच वाचतात आणि १६ जीबीचं कार्ड बजेटात बसतं.

एकच काळजी घ्यायची. "५६०० नाही, ५५०० घ्या, सेमच आहे" असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. ५५००ला एल३ कॅश १६ एमबी, ५६००ला ३२. आणि ५५०० पीसीआयई ३वरच (बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या जोडणीची तिसरी पिढी) अडतो. ५०६० टीआयला आठच लेन (डेटाच्या वाटा) असतात, त्या तिसऱ्या पिढीवर चालल्या की कार्डाची मेमरी अपुरी पडेल तिथे जास्त मार बसतो. ५६००जीचीही तीच रड. बोर्ड ए५२० किंवा बी४५० असला तरी पुन्हा पीसीआयई ३च.

---

बारा_व्होल्ट

@जुनं_ते_चालतं, हाताशी आधीच डीडीआर४ असती तर मीही हेच म्हटलं असतं. शून्यातून घेताना एएम४ म्हणजे शेवटचं स्टेशन: पुढे ज्यांच्यावर जावं ते ५७००एक्स३डी, ५८००एक्स३डी बाजारात सहज मिळत नाहीत. एएम५ला (७६०० आणि बी६५०चं सॉकेट) एएमडीने निदान २०२७ पर्यंतचा शब्द दिलाय. पाच वर्षांचा विचार असेल तर थोडी कळ सोसून एएम५.

रॅम १६ जीबीच्या दोन स्टिक परवडल्या तर उत्तमच, ६०००चा वेग, सीएल३० किंवा सीएल३६ (सीएल म्हणजे प्रतिसादाची दिरंगाई, कमी तेवढी बरी). नाहीच जमलं तर ८च्या दोन. "आता १६ची एक घ्या, नंतर दुसरी लावू" हा सल्ला मला आवडत नाही. तोवर सिंगल चॅनेलवर (रॅमची एकच वाट चालू असल्याने) फ्रेम्स जातात आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या दोन स्टिक ६०००वर जुळतीलच याचा भरवसा नाही. चारही स्लॉट भरायचा मोहही टाळा. एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे, चार लावल्या की ३६००.

---

तापीकाठचा

खूप आभार, डोळे उघडले. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. धाकटा भाऊ ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) शिकतोय, तोही हाच पीसी वापरणार. आणि खोलीत एसी नाही, मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं. घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे, तो पुरेल ना?

---

फेज_न्यूट्रल

ब्लेंडर असेल तर कार्डाचा प्रश्न मिटला, आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी. सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) ऑप्टिक्सवर (एनव्हिडिया कार्डांची सोय) रेंडर एएमडीच्या मानाने बरंच लवकर होतं. फक्त गेम असते तर ९०६० एक्सटी घेऊन पैसे वाचवा म्हटलं असतं.

यूपीएस नाही पुरणार. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. कार्ड १८०, प्रोसेसर ८८, बोर्ड-रॅम-पंखे-एसएसडी मिळून ४५-५०, झाले ३१५. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ३७०, वर मॉनिटरचे ३०. गेम चालू असताना वीज गेली की यूपीएस ओरडेल आणि त्याच क्षणी बंद पडेल. १००० व्हीए, ६०० वॅटचा घ्या, आणि शक्यतो प्युअर साइन वेव्हचा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात; हल्लीच्या अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या) काही एसएमपीएसना ती मानवत नाही आणि लोड कमी असूनही पीसी रीस्टार्ट होतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर हवं, नाहीतर बदलायला लागणाऱ्या वेळात पीसी बंद पडतो.

अर्थिंग आधी तपासून घ्या. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे दोन कपॅसिटर असतात. अर्थ नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११०-११५ येऊन बसतो. झिणझिण्या येतात त्या याच्याच. करंट अगदी कमी असतो, पण यूएसबी किंवा एचडीएमआयची वायर लावता-काढताना पोर्ट जाऊ शकतं. वायरमनला सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ मोजायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं.

उन्हाळ्याचं सांगायचं तर कुठलाही कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. यूट्यूबवर २५ अंशांच्या खोलीत ६५ दाखवतात ते तुमच्या ४२ अंशांच्या खोलीत ८२ होतं. २४० एमएमच्या लिक्विडलाही तोच नियम, वर पंप बिघडायची धास्ती. चार हीटपाइपचा टॉवर कूलर (डीपकूल एके४०० किंवा एजी४००) ७६००ला भरपूर झाला. मे महिन्यापुरता बायॉसमध्ये ४५ वॅटचा इको मोड लावा. प्रोसेसर ८८ऐवजी साठेक वॅटवर येतो आणि गेममध्ये फरक जेमतेम जाणवतो. कार्डाची पॉवर लिमिट आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये ८५ टक्के करा.

काचेचं तोंड असलेलं कॅबिनेट जळगावात नकोच. समोर जाळी, समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. जाळीचं फिल्टर दर महिन्याला धुवा, आपल्याकडची धूळ थांबत नाही.

---

स्टँडऑफ

जोडणीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधी खोक्यावरच ठेवून प्रोसेसर, रॅम, एसएसडी बसवा. एएम५मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरला नाही. तेव्हा प्रोसेसर त्रिकोण जुळवून अलगद ठेवायचा, सरकवायचा नाही. खटका दाबताना जोर लागतो, करकर आवाज येतो, घाबरू नका. वरचं काळं प्लास्टिक आपोआप उडतं. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीला जाताना लागतं.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एसएसडीवरच्या हीटसिंकच्या पॅडला पारदर्शक फिल्म असते, कूलरच्या तळाला संरक्षक स्टिकर असतो, दोन्ही काढायची. ती तशीच राहिली की "९५ डिग्री येतंय" असे धागे निघतात. पेस्ट वाटाण्याएवढी.

कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंट) बोर्डाच्या भोकांनाच आहेत ना ते मोजा. मायक्रो एटीएक्स बोर्डाखाली एखादा जास्तीचा राहिला तर शॉर्ट. एसएमपीएसची ४+४ वायर प्रोसेसरला, ६+२ची कार्डाला; दिसायला सारख्या असल्या तरी अदलाबदल नको, आणि एका कंपनीच्या मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या) वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीच लावू नका. समोरच्या यूएसबी ३ची १९ पिनांची जाड वायर तिरकी घातली की पिना वाकतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी राहील, बोर्डावर डीरॅमचा दिवा लागेल. डीडीआर५ची तपासणी चालू असते, दहा मिनिटं तरी हात लावू नका. इथे घाबरून वीज बंद केली की तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

मग बायॉसमध्ये एक्स्पो (रॅमचा जाहीर वेग लावणारी सोय) चालू करा, नाहीतर ६०००ची रॅम बहुधा ४८००वर पळते. व्हॅलोरंटला विंडोज ११वर टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, म्हणून विंडोज टाकण्याआधीच सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद आहे का बघा. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला, बोर्डाला नाही. ७६००मध्ये ग्राफिक्स असल्यामुळे बोर्डाला लावली तरी चित्र दिसतं आणि गेम दहा फ्रेम्सवर रखडतो. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १६५ हर्ट्झ निवडा, ते बऱ्याचदा ६०वरच असतं.

---

तापीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. नवीन यादी घेऊन मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि ऑनलाइन दोन्हीकडून भाव काढतो. एक शेवटची शंका: दुकानदार म्हणतो कार्ड पीसीआयई ५चं आहे, म्हणून बी८५०चाच बोर्ड लागेल. खरं का?

---

बारा_व्होल्ट

नाही. बी८५०मध्ये पाचव्या पिढीची सक्ती एसएसडीच्या स्लॉटला आहे, कार्डाच्या स्लॉटला नाही. त्याचे कित्येक बोर्ड कार्डाला पीसीआयई ४च देतात. ५०६० टीआय १६ जीबी चौथ्या पिढीच्या आठ लेनवर व्यवस्थित चालतं. भावातला तो फरक रॅममध्ये घाला.

ऑनलाइन मागवलंत तर पार्सल उघडताना सीलपासून सलग व्हिडिओ काढा, त्याशिवाय तुटफुटीची तक्रार सहसा ऐकून घेत नाहीत. आणि दुकानातून घेतलंत तर जीएसटी बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या. "असेम्बल्ड पीसी, १ नग" असं बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलात तर कार्डाची वॉरंटी सिद्ध करताना नाकी नऊ येतील.