हॉपी क्राफ्ट बिअर: सुरुवात कुठून करावी?

नवा_गडी:
आतापर्यंत साधी लागर सोडून दुसरं काही घेतलेलं नाही. हॉप्सवाल्या (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) क्राफ्ट बिअर समजून घ्यायच्या म्हणून दोन आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्स जास्त असलेली बिअर) आणल्या. एक गढूळ, संत्र्याच्या रसासारखी गोडसर. दुसरी एवढी कडू की अर्धी तशीच राहिली. गंमत म्हणजे गढूळ बिअरच्या कॅनवर आयबीयू (कडवटपणाचा आकडा) ५० आणि कडूच्या कॅनवर ५५. पाचाच्या फरकाने एवढं अंतर कसं पडतं? आणि कोणत्या क्रमाने काय घ्यावं? कॅनवर नक्की काय बघायचं असतं?

माल्टोबा:
आयबीयूच्या आकड्यावरून बिअर निवडायची नाही, हे आधी पक्कं करा. आयबीयू म्हणजे ढोबळमानाने एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्लं आहेत ते. हॉप्समधली मूळ अल्फा आम्लं फारशी विरघळत नाहीत. वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं गोड पाणी) उकळताना त्यांची रचना बदलते, मग ती विरघळतात आणि कडू लागतात. तासभर उकळलेले हॉप्स भरपूर कडवटपणा देतात, पण त्यांची सुगंधी तेलं तोवर वाफेबरोबर निघून गेलेली असतात. तेच हॉप्स उकळणं संपल्यावर टाकले, किंवा थेट आंबवणीच्या टाकीत टाकले (म्हणजे ड्राय हॉपिंग), तर वास दणदणीत आणि कडवटपणा बेताचा. हेझी आयपीएमध्ये (म्हणजे तुमच्या गढूळ बिअरसारख्या) बहुतेक हॉप्स असे उशिरा पडतात.

त्यात मोजणीची भानगड आहे. प्रयोगशाळेत आयबीयू काढताना २७५ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो ते बघतात, आणि ड्राय हॉपिंगमधून आलेली, कमी कडू असलेली द्रव्यंही त्यात धरली जातात. शिवाय बऱ्याच कॅनवरचा आकडा मोजलेला नसतोच, पाककृतीवरून गणिताने काढलेला असतो.

आणि शेवटी गोडवा. यीस्टने साखर किती खाल्ली त्यावर अंतिम घनता ठरते; साखर जास्त उरली की हा आकडा जास्त. एक बिअर १.०१० वर थांबली आणि दुसरी १.०१८ वर, तर आयबीयू सारखाच असूनही पहिली जास्त कडू लागणार. हेझीत ओट्स आणि गहू असतात, पाण्यात क्लोराइड जास्त ठेवतात, त्यामुळे ती तोंडात भरीव आणि मऊ लागते. वेस्ट कोस्ट आयपीएच्या पाण्यात सल्फेट जास्त, शेवट कोरडा (गोडवा उरत नाही). तुमची दुसरी बिअर बहुधा याच जातीची असणार.

फेसपुराण:
क्रमाबद्दल. सुरुवात आयपीएपासून करूच नका, चेक पिल्सनरपासून करा (ही लागरच). पिल्सनर उर्केल १८४२ पासून बनते, अल्कोहोल ४.४ टक्के, हॉप्स साझ जातीचे. लागर ओळखीची आहेच, त्यामुळे जास्तीचं जे काही लागेल ते हॉप्सचं, एवढा हिशेब सोपा होतो. नंतर अमेरिकन पेल एल (आयपीएपेक्षा सौम्य). सिएरा नेवाडा पेल एल १९८० पासूनची, ५.६ टक्के, ३८ आयबीयू, हॉप्स कॅस्केड. माल्टचा आधार पुरेसा असल्यामुळे कडवटपणा अंगावर येत नाही, आणि ग्रेपफ्रूटचा, फुलांचा वास स्वच्छ कळतो. ती आवडली की ६ ते ७ टक्क्यांची आयपीए. डबल आयपीए (आणखी कडक, आणखी हॉप्सची) सगळ्यात शेवटी.

सेशन आयपीए हलकी असते म्हणून लोक नवख्याला तीच देतात. मला ते पटत नाही. ४ टक्क्यांच्या पातळ बिअरमध्ये हॉप्स झाकायला काही उरत नाही, कडवटपणा उघडा पडतो.

दोन बिअर शेजारी शेजारी ठेवून प्या. प्रत्येकी १०० मिली पुरे, कमी कडूची आधी. कडवटपणा जिभेवर साचत जातो, त्यामुळे मध्ये पाणी आणि साध्या पावाचा तुकडा. आयपीए ७ ते १० अंशांवर असावी. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं थांबलात तर वास मोकळा होतो. बर्फागत गार बिअरमध्ये फक्त कडू तेवढं कळतं.

आयबीयूऐवजी कॅनवर हॉप्सची नावं वाचायची सवय लावा. सिट्रा म्हणजे मोसंबी, आंबा, लिची. मोझॅक म्हणजे आंब्याबरोबर ब्लूबेरी. सिमको पाइनच्या राळेकडे झुकतं. नेल्सन सॉव्हिन न्यूझीलंडचं, त्यात पांढरी द्राक्षं. एकाच जातीचे हॉप्स घातलेली बिअर मिळाली तर सोडू नका. चार जाती एकत्र असल्या की नवख्याला कशाचा वास कुठून येतोय हे सांगता येत नाही.

कडवट:
क्रमाबद्दल थोडा मतभेद. ज्याला कडू मुळातच नको आहे त्याला हेझीपासून सुरू करू द्या की. हॉप्सचा वास आवडला की कडवटपणा मागाहून रुचतो. फक्त टक्केवारी बघा. हेझी रसासारखी लागते आणि ८ टक्क्यांची निघते. ८ टक्क्यांच्या ४४० मिली कॅनमध्ये ३५ मिली शुद्ध अल्कोहोल आहे. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीत साडेसोळा. म्हणजे एक कॅन संपला की दोन बाटल्यांच्या वर झालं.

नवा_गडी:
सगळ्यांचे आभार. अजून एक. त्या गढूळ बिअरचे शेवटचे घोट घशाला चरचरले, हिरवट लागले. ती खराब होती का?

तळघर:
खराब नाही, उलट फार ताजी असावी. याला हॉप बर्न म्हणतात. ड्राय हॉपिंगचे बारीक कण आणि पॉलिफेनॉल (तुरट द्रव्यं) खाली बसायच्या आत बिअर भरली की घसा असा ओढला जातो. कॅन फ्रिजमध्ये उभा ठेवून आठ-दहा दिवस थांबा, मग न हलवता ओता आणि तळाचं बोटभर सोडून द्या.

खराब बिअर वेगळी ओळखू येते. ऑक्सिजन लागलेली हेझी पिवळ्याची मळकट तपकिरी होते, फळांचा वास जाऊन मध आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. म्हणून कॅनच्या बुडाशी भरल्याची तारीख शोधा. 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' यावर विसंबू नका; बऱ्याचदा ती मुदत वर्षभराची असते आणि हॉप्सचा वास एवढा टिकत नाही. हेझी चार ते सहा आठवड्यांत, बाकी आयपीए तीन महिन्यांत संपवावी, तीही सतत थंड ठेवलेली असेल तर. उघड्या फळीवर उन्हाळा काढलेली आयपीए फुकट मिळाली तरी घेऊ नका.

दुसरा शत्रू प्रकाश. निळा आणि अतिनील प्रकाश पडला की बिअरमधल्या रायबोफ्लेविनमार्फत (हे एक ब जीवनसत्त्व) आयसो-अल्फा आम्लं तुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. वास थेट स्कंकचा (दुर्गंध सोडणारा प्राणी). पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीत, कडक उन्हात, काही मिनिटांत हे होतं. तपकिरी काच बरीच वाचवते, कॅन पूर्ण. बिअर कितीही नावाजलेली असली तरी काचेच्या दारामागे ट्यूबलाइटखाली उभी असलेली हिरवी बाटली मी घेणार नाही.

ग्लासही बघा. ओतल्यावर आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे किंवा साबण राहिलाय. फेस बसणार आणि वासही त्याच्याबरोबर जाणार.

माल्टोबा:
तळघर यांच्या उत्तराला जोड: हेझीत लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअॅसिटिलचा, हॉप्सची जात नव्हे. हॉप्समधली एन्झाइमं उरलेल्या डेक्स्ट्रिनची (यीस्टला न पचणारे पिष्टाचे तुकडे) साखर करतात, यीस्ट पुन्हा कामाला लागून डायअॅसिटिल तयार करतं, आणि ते निस्तरायच्या आत बिअर भरली गेली की हा वास राहून जातो. असा कॅन कधीकधी फुगलेलाही असतो, उघडताना सिंकवर धरा. त्यावरून अख्ख्या प्रकाराला नावं ठेवू नका, दुसऱ्या ब्रुअरीची हेझी घेऊन बघा.