पर्सी स्लेजचा तो माणूस आंधळा नाही

अमेरिकी गायक पर्सी स्लेजचं 'व्हेन अ मॅन लव्ज अ वुमन' म्हणजे आंधळ्या प्रेमाचं गाणं, हे मला पटत नाही. जिवलग मित्रानं प्रेयसीला नावं ठेवली तर गाण्यातला माणूस मित्राकडेच पाठ फिरवतो, हे खरं. पण ती फसवत असेल तर ते सगळ्यांत शेवटी आपल्यालाच कळेल, हेही तो स्वतःच गातो! आंधळ्याला एवढं दिसतं का? आणि मध्येच 'एखादा माणूस' सोडून तो 'मी'वर येतो, तिथे माझा गळा दाटतो, दर वेळी.

1966चं, अमेरिकेतल्या अलाबामातलं हे ध्वनिमुद्रण. स्लेज त्या सुमारास इस्पितळात रुग्णांची सेवा करायचा. स्पूनर ओल्डहॅमचा ऑर्गन नीट ऐका, सूर कसे पायरी पायरीनं खाली उतरतात आणि त्यावर स्लेजचा आवाज चढत जातो.